पूर्वपक्ष आणि जळलेलं पातेलं

आमच्या घरात भांडायचेही नियम आहेत. बाबांनी आयुष्यभर न्यायदर्शन, म्हणजे तर्काचं आणि वादाचं शास्त्र, शिकवलं. त्यामुळे समोरच्याला खोडण्याआधी त्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्याहून चांगलं मांडायचं, आणि तो "हो, हेच माझं मत" म्हणाल्याशिवाय पुढे जायचं नाही. लहानपणी मी आणि दादा एकमेकांच्या झिंज्या धरण्याआधीही हे करायचो. निम्मी भांडणं त्या कंटाळ्यानेच मिटत.

आई गेल्यापासून बाबा तरसालीत एकटेच राहतात. गेल्या महिन्यात शेजारच्या गुजराती बेनचा फोन आला, "तमारा पप्पाना घरमांथी धुमाडो नीकळे छे, जल्दी आवो!" धुराचं ऐकून शहराच्या दुसऱ्या टोकाहून, गोरव्यातल्या आमच्या घरून रिक्षाने पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. बेननी गॅस बंद केला होता. बाबा पुढच्या खोलीत एका वेदान्ती मित्राशी फोनवर जगाच्या खरेखोटेपणावरून हुज्जत घालत बसले होते, आणि आत दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं. धुरावरून अग्नीचं अनुमान कसं करावं, हे ज्यांनी इतकी वर्षं पोरांना शिकवलं, त्यांच्याच स्वयंपाकघरातलं अनुमान बेननी केलं. तेही दर्शनांचं एक पान न उघडता.

"बस्स झालं. आजच बॅग भरा, आमच्याकडे चला," मी म्हटलं.

"आधी पूर्वपक्ष मांड," बाबा पातेलं घासत म्हणाले.

"अहो बाबा, घर पेटलं असतं!"

"तो उत्तरपक्ष झाला. खोडणं नंतर."

दातओठ खात मांडला. म्हटलं, इथे तुम्हाला पहाटे मोठ्याने वाचता येतं, आमच्याकडे कुजबुजावं लागेल. इथे शनिवारी दोन विद्यार्थी शिकायला येतात, आमचे तीन मजले कोण चढणार? हा ओटा आईने स्वतःच्या उंचीला बेतून घेतला होता. इथे तुम्ही घरचे मालक, तिथे पाहुणे. आणि पाहुण्याशी कुणी वाद घालत नाही, त्याचं नुसतं ऐकून घेतात.

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते मलाच पटलं. स्वतःचाच भयंकर राग आला.

"हो, हेच माझं मत," बाबा खूश होऊन म्हणाले. "मलाही इतकं नीट जमलं नसतं. आता खोड."

मला खोडता येईना. मग बाबांनीच हात पुसले, वर्गात करायचे तसा घसा साफ केला. "बरं, तुझा पक्ष मी मांडतो. एक दिवस फोन वाजत राहील आणि मी उचलणार नाही. बरोबर?"

मी मान हलवली. नियमाप्रमाणे आता त्यांनी खोडायचं होतं. मी वाट बघत राहिले.

"याला माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले, आणि कपाटावरची बॅग काढायला स्टूल ओढू लागले.

बाबांना एकदा तरी वादात हरवायचं, असं मला लहानपणापासून वाटायचं. त्या दुपारी हरवलं. मग रडत रडत त्यांच्या हातातून स्टूल काढून घेतलं आणि म्हटलं, "राहा इथेच."