पेंटरमामांचे हयात पणजोबा

आमच्या शिवाजी पेठेतल्या पेंटरमामांचे पणजोबा दीडशे वर्षांचे होत आले तरी हयात होते. निदान मामा तसं मानत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फसकन हसले. मामा माझ्याकडे असे बघत राहिले की माझं हसू जागच्या जागी विरलं. "मेल्याची खबर कुठं आलीया, बाई? आली की लावतो की कै. रंग काय महाग हाय व्हय मला?"

मामा दुकानांच्या पाट्या रंगवत. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा निम्म्या पेठेच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. इंग्रजीचा गंध नसताना इंग्रजी पाटीसुद्धा ते एक अक्षर न चुकता रंगवत. कुठलाही कागद हातात आला की आधी ओळी मोजायच्या, मग अक्षरं. "वाचायला येऊन काय करायचंय? मापात बसलं मंजे झालं," असं म्हणायचे. माझ्या शिक्षणाचा एवढा सरळ अपमान दुसऱ्या कुणी केला नाही.

पण 'कै.' म्हटलं की मामा अडायचे. कोण गेलं, कधी गेलं, कुणी पाहिलं, हे विचारल्याशिवाय ब्रश उचलत नसत. एकदा तालमीची मंडळी आली. घर सोडून गेलेल्या एका जुन्या पैलवानाच्या नावाची पाटी हवी होती. मामांनी विचारलं, "बघितलंय का कुणी त्येंस्नी गेल्यालं?" मंडळी म्हणाली, "न्हाय, पण बारा वर्सं झाली की." मामांनी डबा झाकला. "मग मी कोण त्येंस्नी मारणारा?" मंडळी तणतणत दुसऱ्या पेंटरकडे गेली.

या हट्टाचं मूळ त्यांच्या घरातच, भिंतीवर टांगलेल्या एका पत्र्यावर होतं. त्या पत्र्यावर मामांनी आपल्या घराण्याची नावं लिहिली होती. सगळ्यांच्या आधी कै., फक्त पणजोबा रावजींच्या नावाआधी एका अक्षराची जागा कोरी. तशीच जागा तळाशी, मामांच्या स्वतःच्या नावाआधी. त्यांचं मूळ गाव पेठ वडगावच्या बाजूचं. रावजी वारणेपलीकडच्या बाजाराला गेले, बैलाच्या सौद्यावरून हाणामारी झाली, त्यांच्या हातून एक माणूस मेला. अलीकडे संस्थान, पण नदीपलीकडे इंग्रजांचा अंमल. रावजींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे काहीच कळलं नाही. पणजीने मरेपर्यंत कुंकू लावलं आणि जाताना मुलाकडून वचन घेतलं, की खबर येईपर्यंत त्यांना पितरांत बसवायचं नाही.

म्हणून पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी मामांच्या घरी गंमत असे. बाकीच्या पितरांची पानं कौलावर कावळ्याला जात. रावजींचं पान मात्र जिवंत माणसांच्या पंगतीत, पहिल्या पाटापुढे. शेवटी मामाच ते पान ओढून घेत आणि म्हणत, "पणजोबांस्नी आज भूक न्हाय." मग दोन पानांची खीर एकटेच संपवत.

अंदमानच्या कचेरीला इंग्रजीत पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामा सांगायचे, "लिवा, आमचं पणजोबा तुमच्याकडं हाईत, काय झालं त्येंचं ते कळवा." मी ते सभ्य इंग्रजीत बसवायचे. उत्तर यायचं, कैद्याचा नंबर कळवा. नंबर कुणाला माहीत? अशी सात-आठ वर्षं गेली. पेठेत डिजिटल बोर्ड आले, मामांच्या मुलांनी मशीन घेतलं, आणि मामांचा हात कापायला लागला. ते मला म्हणाले, "पोरांचं ह्यात ध्यान न्हाय. माझा हात हाय तवर त्येंच्या म्होरं कै. लागाय पायजे. न्हायतर ते तसंच लोंबकळत ऱ्हातील, बाई." मामांच्या आवाजात तेव्हा मी पहिल्यांदा भीती ऐकली.

शेवटी गल्लीतल्या एका घरचा नौदलातला जावई अंदमानला बदलून गेला. त्याने तिथल्या नोंदी धुंडाळल्या आणि इंग्रजी टिपण उतरवून पाठवलं. मामा आणि मामी समोर बसले. मी आधी सगळं मनात वाचलं. मग मोठ्याने सांगितलं, की रावजी तिथे तापाने वारले. तिथी काढता येईल अशी तारीखही सांगितली.

मामांनी कागद घेतला आणि बोट फिरवलं. "वळी नऊ हाईत, बाई. तुम्ही चारच वाचल्या."

काय करणार? वाचलं. रावजींना काही वर्षांनी मोकळीक मिळाली, जमीन मिळाली. सुखिया नावाच्या कैदी बाईशी त्यांनी लग्न केलं. पुढे गावी परतायची परवानगीही मिळाली होती. ते परतले नाहीत.

मामा उठून गेले. पंधरा दिवस पत्र्याकडे फिरकले नाहीत. "आमची पणजी हितं कुंकू लावून बसली, आन् ह्यो गडी तिकडं संसार करतोय!" एवढंच म्हणत धुमसत होते. मीच तो कागद फाडायला हवा होता, असं मला वाटत राहिलं. म्हाळाच्या सकाळी मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तापात त्येंच्या तोंडात पाणी कुणी घातलं असंल हो?"

मामा उठले. त्यांनी पत्रा खाली घेतला आणि रावजींच्या आधी कै. काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं. मग पणजीच्या नावाखाली लिहिलं, सुखिया. आधी एका अक्षराची जागा सोडून. मी बघतच राहिले. मामा म्हणाले, "तिची खबर कुठं आलीया?"

त्या दिवशी रावजींचं पान कौलावर गेलं, आणि पंगतीतल्या पहिल्या पाटापुढे सुखियाचं पान मांडलं गेलं.

चार वर्षांनी मामा गेले. मी उशाशीच होते. दिवसकार्य झाल्यावर मुलं घराण्याच्या नावांचा चकचकीत नवा बोर्ड छापायला निघाली होती. मामींनी पत्रा माझ्यापुढे ठेवला, ब्रश दिला. "त्येंनी सांगून ठेवलंय, बाईंच्या हातनं लावा. बाईंनीच आमच्या घरात खबर आणली." मी आयुष्यात खडू-पेनापलीकडे काही धरलं नव्हतं. मामा असते तर आधी विचारलं असतं, बघितलंय का कुणी?

बघितलं होतं मामा, मी बघितलं होतं. डोळे पुसले आणि कै. काढलं. तेही वाकडंच आलं.

सुखियाच्या आधीची जागा अजून कोरी आहे. म्हाळाला पहिला पाट तिचाच असतो, आणि शेवटी मामी ते पान माझ्याकडे सरकवतात. मी म्हणते, "आज तिला भूक नाही," आणि जेवते.