कंडक्टरबाई

कंडक्टरबाईंना हळू बोलता येत नसे. सगळी नोकरी एसटीत गेलेली. गर्दीतून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज निवृत्तीनंतरही उतरला नाही. खोपटला डेपोच्या मागच्या गल्लीत आमची इमारत. बाई तळमजल्यावर कुणाला विचारायच्या, "भाजी काय केलीस गं?" आणि उत्तर तिसऱ्या मजल्यावरून यायचं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाई जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मोठं पातेलं चढवायच्या. गल्लीतली बहुतेक मुलं महापालिकेच्या शाळेतली. शाळा असली की दुपारची खिचडी तिथे मिळे. सुट्टीत तीही बंद. आया कामावर गेलेल्या, मुलं दुपारी चहात पाव बुडवून खात. बाई दुकानांपुढे उभ्या राहून तांदूळ, डाळ, बटाटे मागत. "पोरांची शाळा बंद झालीये, पोट नाही," एवढंच म्हणत. त्या आवाजापुढे नाही कोण म्हणणार! पंगतीतसुद्धा त्यांची गाडी चालूच असे: "चला, पुढे सरका, मागच्यांना बसू द्या!"

आम्ही तिथे नवीन होतो. यांची डोंबिवलीतली कंपनी बंद पडली आणि वर्षभरात तिथलं घर सोडून या एका खोलीत यावं लागलं. मुलं पालिकेच्या शाळेत जाऊ लागली. ती तिथे खिचडी खातात हे मी माहेरीसुद्धा कळू दिलं नव्हतं. हे मिळेल ते काम करत होते, पण रोज मिळेलच असं नव्हतं.

सुट्टी लागली त्या दिवशी बाई जिन्यातूनच ओरडल्या, "अगं ए सुनीता, उद्यापासून तुझी पोरं पण पाठव जेवायला!" सगळ्या दारांतून माना बाहेर आल्या. माझे कान तापले. मी म्हटलं, "नको हो बाई. आम्ही उद्या गावालाच चाललोय."

गाव कुठलं आणि काय! तिथे आमचं कुणी उरलं नव्हतं. पण बोलून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे बाहेरून कुलूप लावून जायचे आणि मी दोन्ही मुलांना घेऊन आत बसायचे. खिडकी किंचित उघडी, पडदा ओढलेला. मुलं कुजबुजत खेळायची. जिन्याखालून फोडणीचा वास आला की धाकटा ओम खिडकीकडे बघायचा, मग माझ्याकडे. आदल्या रात्रीचा भात मी पाणी घालून पुरवत होते.

एका दुपारी ओमला जोराचा ठसका लागला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आपल्याच मुलाच्या तोंडावर! तो हात मी अजून विसरले नाही. बाहेर पावलं थांबली. जरा वेळाने पडद्यापलीकडून आवाज आला, इतका हलका की बाईंचाच आहे हे मला आधी कळलंच नाही.

"घरात कुणी नाहीये, ठाऊक आहे मला. खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवतेय. गावाहून आलात की धुऊन द्या."

पावलं दूर गेली. मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, घेऊ?" मी मानेनेच हो म्हटलं. मुलांनी खाऊन उरलेले दोन घास मी उभ्यानेच खाल्ले आणि ते इतके गोड लागले की जीव शरमून गेला. त्यानंतर रोज दुपारी डबा येत राहिला. शेजारपाजारी कुणाला पत्ता लागला नाही.

शेवटी मलाच ते सोसवेना. एका पहाटे यांना आम्हाला आत ठेवून कुलूप लावू दिलं नाही. कपड्यांची पिशवी हातात घेऊन, मुलांना घेऊन आम्ही अंधारातच बाहेर पडलो आणि उजाडल्यावर परत आलो. बाई जिन्यातच होत्या. "आलीस होय गावाहून?" सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. "बरं झालं बाई! कांदे चिरायला माणूसच नाहीये. हातपाय धू आणि ये."

मी गेले. पुढच्या सुट्ट्यांतही जात राहिले. एकदा भांडी आवरताना धीर करून त्या डब्याचा विषय काढला. बाईंनी डोळे मोठे केले. "कसला डबा? तू गावाला गेलेलीस ना तेव्हा?" आणि पातेलं घासायला घेतलं.

गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. भाचा त्यांना कल्याणला घेऊन गेला. मी मऊ भात करून भेटायला गेले. जीभ जड झाली होती, शब्द अर्धवट येत होते. मी चमचा पुढे केला तर बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान वळवली. डोळे भरले होते. "जा… तू," एवढंच म्हणाल्या. ज्यांनी एवढ्या मुलांना वाढलं, त्यांना माझ्या हातून घास घेववत नव्हता. ती लाज मला नवी नव्हती.

मी वाटी त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली, चमचा आत ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. खाली रिक्षांची रांग लागली होती. मुलगी कॉलेजात गेलीये, ओमला आता मिसरूड फुटलंय, असं काहीबाही सांगत राहिले. बराच वेळ मागे काहीच हललं नाही. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

वाटी संपेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.