मधली खोली

तोंडवलीत ज्युड आणि त्याचा काका बस्त्याव यांनी मिळून दोन घरांमधला दगडी गडगा पाडला. त्या गडग्यावरून कित्येक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं, पोलिसांत तक्रारी होत्या. आता दोघं एकाच ताटात तळलेली सुंगटं खात बसले होते. देव पावला, असं शेजारणी म्हणाल्या. ज्युडचा बाप लिनो मात्र त्या ताटाला शिवला नाही.

लिनो जन्मभर मालवाहू बोटींवर कुक होता. पंच्याण्णवच्या सप्टेंबरात त्याची बोट क्रोएशियातल्या स्प्लिट बंदरात अडकली होती. धक्क्यावरच्या खानावळीत दिवसभर टीव्ही चालायचा. दीड-दोन वर्षांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या क्रोएट आणि बोस्नियाक फौजा आता एक होऊन बोस्नियातल्या सर्बांवर चालून गेल्या होत्या. पडद्यावर सैनिक गळ्यात गळे घालत होते. खानावळवाल्याने सगळ्यांना दारू पाजली, लिनोही प्यायला. मग पळून जाणाऱ्या सर्बांचे ट्रॅक्टर दिसले. त्यांवर गाद्या, शेगड्या, कोंबड्या आणि मागे राहिलेल्या घराकडे तोंड करून बसलेली एक म्हातारी. त्या मिठ्या कशासाठी होत्या, ते त्याला तेव्हा कळलं.

"पप्पा, आंटीक तूच सांग," ज्युड म्हणाला. "गोव्यात सिस्टरांच्या आश्रमात तिका बरा पडतला."

"थंय औषधपाणी तरी वेळेवर मेळात," बस्त्यावने री ओढली.

आंटी म्हणजे लिनोची थोरली, बिनलग्नाची बहीण फिलोमिना. दोन्ही घरांच्या मधली खोली तिची. ती हलल्याशिवाय ज्युड आणि बस्त्यावला त्या जागेत मिळून पर्यटकांसाठी लॉज बांधता येत नव्हतं.

लिनो गुडघ्यांवर हात टेकून उठला. भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. फिलोमिना दारात नारळ खवत होती.

"काय रे, दोघे एका ताटात जेवतत मां?"

"जेवतत, बाय."

"मगे माजा ताट खंय मांडल्यानी? गोव्यात?"

लिनोने तिच्या खोलीत डोकावून पाहिलं. मग त्याने विचारलं, "तुज्या खोलयेत माजी गादी मावात?"

तिची खवणी थांबली. "मावात. पण घोरलंस तर मीच भायर घालीन."

तो परत गेला, गादी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि अंगणात आला. बस्त्यावचा हात ताटातच राहिला.

"पप्पा, गादी खंय नेतंस?"

"मधल्या खोलयेत. आता आमका दोघांक भायर काढूचा लागतला."

अर्ध्या वाटेत त्याला दम लागला. गडग्याच्या जागी दगडांचा ढीग होता. गादी त्यावर ठेवून तो तिथेच टेकला. दोघांपैकी कोणी उचलू लागायला आलं नाही.