माझ्या वाट्याच्या फेऱ्या

कमल गेल्याची बातमी यायच्या आधी मीच कोसळल्याची बातमी माझ्यापर्यंत आली. संध्याकाळची वेळ होती. मेहकरच्या आमच्या तलावाकाठच्या बागेत, फाटकाजवळच्या बाकावर मी फुटाणे खात बसले होते. तेवढ्यात शेजारचे राठोड भाऊजी धापा टाकत आले आणि मला पाहून जागीच थिजले. "वहिनी... तुम्ही तर इथं बसल्या हाय!" मी म्हटलं, "मंग कुठं बसू? घ्या, फुटाणे खा." त्यांना हसावं की रडावं ते कळेना. पुण्याहून माझ्या मंगेशचा त्यांना फोन आला होता. आई तलावाच्या पाळीवर पडली, तिला दवाखान्यात नेऊन राह्यले, असं कोणीतरी त्याला कळवलं होतं, आणि तेही माझ्याच मोबाईलवरून. ते ऐकलं आणि फुटाण्यांची पुडी माझ्या हातातून सुटली. कारण माझा मोबाईल कमलच्या पिशवीत होता, आणि कमलचा माझ्या मांडीवर.

असं का होतं, हे खरं खरं सांगायला मला दीड महिना लागला. तोवर ज्यांनी विचारलं त्यांना "चुकून बदलला असेल" म्हणत राहिले. शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, त्या बाईची ही गोष्ट.

कमल आणि मी एकाच वर्षी एकाच खेड्यातल्या शाळेवर लागलो. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढे मातीची वाट. पहिल्या दिवशी मी नव्या लग्नाचा हिरवा चुडा आणि उंच टाचांच्या चपला घालून आले होते. कोणावर छाप पाडायची होती, देव जाणे... रस्त्यात बघायला दोन म्हशी होत्या. अर्ध्या वाटेत टाच उखडली आणि मी शेताच्या धुऱ्यावर बसून मुसमुसायला लागले. मागून एक काळीसावळी, उंच पोरगी आली. माझ्याकडे पाहून हसली आणि आपल्या पायातल्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. "घाल. मले सवय हाय." मी घातल्या. साधं 'तुझं काय' असंही विचारलं नाही. ती अनवाणी शाळेपर्यंत आली, वर माझी पर्सही तिनेच धरली. तिच्या चपला मी पहिल्या दिवशी घातल्या, पण तिच्या डब्यातली भाजी खायला मला दोन वर्षं लागली. ती बौद्धवाड्यातली आणि मी कुठल्या घरची, हे मला डब्याच्या वेळीच बरं आठवायचं. कमलने ते कधी बोलून दाखवलं नाही. दुपारी आपला डबा घेऊन खिडकीशी बसायची, एवढंच. मग एका दुपारी माझा डबा घरी विसरला, भूक लागली, आणि माझं सोवळं तिच्या वांग्याच्या भाजीत बुडालं ते बुडालंच. तेव्हाची ती टाचवाली बाई आज समोर आली तर तिला मी अंगठे धरून उभी करीन.

मतदारयादीचं काम आलं की घरोघर कमल फिरायची आणि मी सरपंचांच्या ओट्यावर चहा पीत नावं उतरवून घ्यायची. "तुह्यं अक्षर चांगलं हाय, तू बस," असं तिनेच म्हणायचं, आणि मी लगेच बसायचं. बसण्याच्या कामात मी पहिल्यापासून हुशार.

दोघीही निवृत्त होऊन मेहकरात आलो. तिचे मालक आधीच गेलेले, एकुलती लेक संगीता वडनेर भोलजी गावात दिलेली. माझ्याही घरात मी एकटीच. पुढे तलावाकाठी बाग झाली, भोवती सिमेंटच्या गट्टूंची वाट झाली. अगदी सपाट वाट, म्हाताऱ्यांसाठीच केलेली. एका बाजूला पाणी, बगळे, दुसऱ्या बाजूला करंजाची झाडं. चढ म्हणावा तर फक्त पलीकडे, वाट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाते तिथे, तोही वीस-पंचवीस पावलांचा. त्याच सुमारास माझ्या रक्तात साखर निघाली. मंगेशने माझ्या मोबाईलमध्ये पावलं मोजायचं काहीतरी टाकून दिलं. मी इथे चालायचं आणि आकडा त्याला पुण्यात दिसायचा. आकडा कमी आला की फोन! आठ दिवस मी कमलबरोबर चालले. नवव्या दिवशी गुडघ्याचं निमित्त करून बाकावर बसले आणि मोबाईल तिच्या पिशवीत टाकला. "माह्या बी दोन फेऱ्या मारून टाक ना वं."

ती इतकी हसली की पाण्यावरची टिटवी उडाली. "पोराले फसवतं वं इंदे? मास्तरीन होती ना तू!"

"मास्तरीनच होती. कॉपी कशी करतात ते मले नाही तर कोणाले माहीत असन?"

मग ते रोजचंच झालं. तिचा स्वतःचा मोबाईल ती माझ्याकडे ठेवायची. दोन दोन डबडी कशाला वागवायची म्हणून. मोबाईलच्या मोजणीवर तिचा विश्वास नव्हता. बाकामागच्या दगडी भिंतीत दोन खोबण्या होत्या, डावी माझी, उजवी तिची. फेरी झाली की त्या त्या खोबणीत एक खडा टाकायचा, आणि निघताना सगळे खडे पाण्यात. पहिल्या दोन फेऱ्या नेहमी माझ्या. "तुह्यं पह्यले उरकते, मंग माह्यं." रात्री मंगेशचा फोन यायचा, "शाब्बास आई!" आणि मी ती शाबासकी घ्यायचे. लाज म्हणून वाटली नाही, उलट दुसऱ्या दिवशी तिला ऐकवून आम्ही दोघी खिदळायचो.

शेवटच्या आठवड्यात ती बाकापाशी येऊन भिंतीला टेकली. कपाळावर घाम. "पाळीवर दम लागून राह्यला वं मले." मी वर पाहिलं. घाम दिसला मला... दिसला नाही असं नाही. मी म्हटलं, "म्हातारी झाली तू आता. सोमवारी डॉक्टरले दाखवू." इथवर ठीक होतं. पण त्यापुढे मी म्हटलं, "आज तेवढ्या माह्या दोन मार. काल आकडा कमी भरला, पोरगं ओरडलं." आणि तिने पिशवी खांद्याला लावली.

सोमवार यायच्या आत ती पाळीवर कोसळली. तिथे फिरायला आलेल्या एका बाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती मला दवाखान्यात भेटली. म्हणाली, "मावशी शुद्धीवर होत्या हो. 'संगीताले फोन लावा' म्हणत होत्या. आम्ही पिशवीतला मोबाईल पाह्यला, त्यात संगीता नावच नाही. मग शेवटचा नंबर होता, 'मंगेश', त्याले लावला." संगीताचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये नव्हता. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीच्या लेकीचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. काही लागलं तर कमल होतीच ना. तिने लेकीला हाक मारली तेव्हा लेकीचा नंबर तलावाच्या अलीकडे, माझ्या मांडीवर, फुटाण्यांच्या पुडीखाली होता. मी दवाखान्यात पोचून तो लावला तेव्हा संगीताशी बोलायला कमल उरली नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी संगीताने विचारलं, "मावशी, आईजवळ तुमचा मोबाईल कसा?" भंतेजी समोर बसलेले, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मी म्हटलं, "बदलला असन वं बाई चुकून." माझ्या जिभेला हाडच नाही.

मागच्या आठवड्यात एसटीने वडनेरला गेले. संगीताच्या अंगणात बसून सगळं सांगितलं, फेऱ्या, खडे, शाबासकी, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "फेऱ्याचं मले माहीत होतं. आई फोनवर हसत हसत सांगे, 'इंदी अजून बी माह्याच पायानं चालते.' पण मावशी... तिले दम लागून राह्यला, हे तुमाले माहीत होतं?"

वाटलं, 'नाही' म्हणावं. एकच तर शब्द.

"हाव," मी म्हटलं.

ती उठली. दोरीवरचे कपडे काढले, एकेक घडी घालत राहिली. लहान मुलांचे कपडे, मोठ्यांचे, एका टॉवेलची घडी तिने दोनदा घातली. माझ्याकडे पाठ होती. मी विचारलं, हे लिहू का? "लिवा," ती म्हणाली, "जसं झालं तसंच लिवा." पुन्हा येऊ का, हे मला विचारवलं नाही. फाट्यापर्यंत एकटी चालत आले.

वडनेरला जायच्याही आधी, पंधरवड्यापूर्वी, मी पहिल्यांदा त्या बाकापाशी परत गेले. भिंतीतल्या खोबण्या पाहिल्या. डावीत एक खडा. माझा. म्हणजे ती माझ्या दुसऱ्या फेरीवर होती. उजवी रिकामी. त्या दिवशी ती स्वतःसाठी एक पाऊलसुद्धा चालली नव्हती.

तो खडा मी काढलेला नाही. हल्ली रोज संध्याकाळी जाते, एक फेरी मारते. मध्ये तीनदा बसते, पाळीच्या चढावर कठडा धरते. गुडघे दुखतात, पण मेले मोडत नाहीत. तेव्हाही मोडले नसते. परत आले की उजव्या खोबणीत एक खडा टाकते. मोबाईल घरी फ्रीजवर ठेवून जाते. रात्री मंगेशचा फोन येतो. हे छापून येईपर्यंत त्याला काही माहीत नाही. तो चिडतो, "आई, आजही शून्य? कमलमावशी होती तोवर किती छान चालत होतीस!"

"हो रे बाबा," मी म्हणते. "शून्यच."