रंग आतून देणाऱ्या गिरिजाक्का

रिमोटवर पळणाऱ्या गाडीला कुंकू लावून तिचा रंग घालवणारी कोल्हापुरातली पहिली बाई मीच असेन. तेव्हा माझी साठी उलटायची होती, त्यामुळं मला जगातलं सगळं कळत होतं. आता पुष्कळ कमी कळतं, म्हणून सांगून टाकते.

गाडी माझ्या सुनेची, सुप्रियाची. हातभर लांब, पण सुटली की मंगळवार पेठेतली कुत्री गल्ली सोडून जायची. आणि ती रंगवली सुप्रियाच्या आईनं, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, गिरिजाक्कांनी. शिरोळला त्यांची ट्रॅक्टर-ट्रॉल्या रंगवायची शेड होती. मालक गेल्यावर ती त्यांनीच चालवली. मग पूर आला, शेडमध्ये पत्र्यापर्यंत पाणी चढलं, रंग फवारायचा कॉम्प्रेसर गाळात गेला आणि अक्का एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. लेकीच्या सासरी राहायची वेळ आली याचाच त्यांना पुरापेक्षा जास्त राग. पहिल्या दिवशी ताट वाढलं तर म्हणाल्या, "आधी काम सांगा, मग भाकरी."

"पावण्यांना कुणी काम सांगतं होय?" मी म्हटलं.

"पावणं दोन दिसाचं. माझ्या शेडातला गाळ काय दोन दिसात निघत न्हाय."

काम त्यांनी स्वतःच शोधलं. रविवारी या गाड्यांची शर्यत होती. ट्रॅक्टरवाली गिऱ्हाइकं स्वतःच पाण्यात होती, पण सुप्रियाबरोबर गाड्या पळवणारी मुलं म्हणाली होती, अक्कांनी रंगवलेली गाडी शर्यतीत कशी टिकते ते बघू, मग आमच्याही देऊ. शेड पुन्हा उभी करायची तर सुरुवात इथूनच होणार होती. अक्का हे बोलून दाखवत नव्हत्या. नुसत्या माझं स्वयंपाकघर बळकावून बसल्या होत्या.

या गाडीचा वरचा टप, म्हणजे बॉडी, काचेसारख्या आरपार प्लॅस्टिकची असते. तिला रंग आतून द्यायचा, म्हणजे बाहेरून कितीही खरचटलं तरी रंगाला काही होत नाही. त्यामुळं सगळा कारभार उलटा. वरचे पट्टे आधी मारायचे आणि मोठा रंग मागून. अक्का म्हणायच्या, "हितं आधी टिकली, मग तोंड."

पण रंगाआधीची तयारी काय विचारता! भांड्याच्या साबणानं बॉडी धुतली. झिजलेल्या हिरव्या घासणीनं आतून हलकी खरवडली. पुन्हा धुतली. पुसायची नाही, वाऱ्यावर वाळवायची. मी जरा हातात घेऊ म्हटलं तर केवढ्यानं ओरडल्या, "ठेवा ती! बोटाला तेल हाय."

"अहो, आत्ताच साबणानं हात धुतलेत."

"मग साबण बी हाय."

वर ऐकवलं, "रंग धरत न्हाय म्हणत्यात लोकं. रंग धरतोय की. आपण त्याला धरू देत न्हाय."

इथं माझ्यातली शहाणी बाई जागी झाली. आमच्या घरात कुंकू लावल्याशिवाय साधा मिक्सरसुद्धा फिरलेला नाही, आणि ही गाडी तशीच मैदानात जाणार? अक्का आंघोळीला गेल्या तशी मी देवापुढची वात सारखी केली आणि त्याच बोटानं टपाच्या आत, बरोबर मधोमध, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. काढल्यावर लक्षात आलं, की प्लॅस्टिक आरपार आहे आणि स्वस्तिक बाहेरून अक्कांना दिसणार. मग पदरानं घासघासून पुसलं. कुंकू गेलं. तेल गेलं नाही, पण ते मला कुठं दिसत होतं?

अक्कांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, स्प्रेच्या डब्यानं धुक्यासारखे पातळ हात मारले, प्रत्येक हात वाळू दिला. गाडी निळीभोर झाली. मी मनात म्हटलं, कुंकवाचा गुण.

रविवारी तिसऱ्या फेरीत गाडी कठड्यावर आदळून उलटली. सुप्रियानं उचलून आणली तर टपाच्या मधोमध रंगाचा पापुद्रा सुटला होता. स्वस्तिकाचे तीन पाय लख्ख आणि चौथा पदरानं फरफटलेला.

मुलं गोळा झाली. एक जण म्हणाला, "अक्का, रंग कच्चा निघाला की."

अक्कांनी टप उन्हाला धरला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. आता शिरोळपर्यंत ऐकू जाईल असा आवाज निघणार म्हणून मी पदर सावरला. पण अक्का खाली बघत म्हणाल्या, "व्हय. धुताना माझंच काय तरी चुकलं असंल."

ती बाई असं हळू बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरची भाकरी त्यांच्या तोंडावर बसली होती. मला कशाचीच लाज वाटली नसती, पण त्या आवाजाची वाटली.

"त्यांचं नाही चुकलं," मी मोठ्यानं म्हटलं. "मी आतनं कुंकू लावलं. तेलाच्या बोटानं. त्यांना चोरून."

"आई!" सुप्रियानं कपाळाला हात लावला. मुलं जी हसत सुटली ती थांबेनात. मघाच्या मुलानं मात्र टप पिळून बघितला, कडेला नखानं खरवडलं. रंग बाकी कुठं हलला नव्हता. त्यानं आपल्या गाडीची बॉडी काढून अक्कांच्या हातात दिली. त्याच्यामागून आणखी दोघांनी.

शेड पुढं उभी राहिली. अक्का जाऊन आता दोन पावसाळे झाले. शेड सुप्रिया बघते.

त्या दिवशी परतताना रिक्षात आम्ही दोघी तीन बॉड्या मांडीवर घेऊन बसलो होतो. म्हणजे त्या घेऊन बसल्या होत्या, मला एकीलाही हात लावू दिला नव्हता. घर जवळ आलं तेव्हा अक्का त्यांच्या नेहमीच्या, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

"विहीणबाई, शेड हुबी राहिली की तुम्ही रोज येत जावा. काम काय करू नगासा, नुसतं खुर्चीत बसा. रंग निघाला तर नाव पुढं करायला घरचं माणूस लागतंय की."