बाहेरचे म्हणजे नेमके कुठले?

आमचे भाऊजी घरात राहायला येऊन चार वर्षं झाली, पण बाबा अजून त्यांना ‘पाहुणे’च म्हणतात. जावयाला पाहुणे म्हणतात हे मला मान्य आहे. पण पाहुणा साधारण चहा पिऊन जातो. हे ताईशी लग्न करून दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन आले, ते जायचं नाव काढत नाहीत.

खाली आमचं चष्म्याचं दुकान, वर घर. भाऊजींचं ऑफिस लॅपटॉपात आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. “सरका पाहुणे, पातेलं येतंय,” अशी हाक आली की ते लॅपटॉप काखेत मारून उभे राहतात. एकदा मीटिंग चालू असताना आईने शेजारी बसून कांदे चिरले. समोरच्या साहेबांना वाटलं, पगारवाढ नाकारली म्हणून माणूस रडतोय.

त्यामुळे भाऊजींचा डोळा होता दुकानामागच्या खोलीवर. खोली रिकामी होती, म्हणजे रिकाम्या खोक्यांनी गच्च भरलेली. बाबांनी अट घातली. “इंटरनेटवर दुकानाचं पान बनवा. गिऱ्हाइकाला घरबसल्या डोळे तपासायची वेळ घेता आली पाहिजे. रविवारी मी स्वतः बटण दाबून बघणार. चाललं तर खोली तुमची, नाहीतर तिथे काच घासायचं मशीन बसेल.”

“दोन दिवसांचं काम आहे,” भाऊजी म्हणाले. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतानाही ते हेच म्हणाले होते. नंतर आठवडाभर आम्ही शेजारून पाणी भरलं.

मला जे कळलं ते असं. पानाचा कोड बऱ्याच फाइलींत सांडलेला असतो. तो गोळा करून एक गाठोडं बांधणारा प्रोग्राम म्हणजे बंडलर. पण तारीख निवडायचं कॅलेंडर भाऊजींनी स्वतः लिहिलं नव्हतं, ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं तयार मॉड्यूल होतं. आणि बंडलरला स्वतःच्या अंगणापलीकडचं दिसत नाही. म्हणून त्याला एक प्लगिन जोडून द्यायचं, जे असली परकी मॉड्यूलं कुठल्या फोल्डरात पडलीत ते हुडकून आणतं. मी त्याचं नाव ‘शोध्या’ ठेवलं. भाऊजींना आवडलं नाही, पण मेव्हण्याला गप्प करणारं प्लगिन अजून निघालेलं नाही.

शनिवारी भाऊजी शोध्याच्या मागे हात धुऊन लागले. त्याला फोल्डरचा पत्ता दिला, पत्ता बदलला, त्याला काढून टाकलं, पुन्हा बसवलं. बंडलर दर वेळी खुशाल म्हणे, झालं गाठोडं. आणि पान उघडून बटण दाबलं की ढिम्म. ब्राउझर म्हणे, कॅलेंडर नावाचं कुणी माझ्या ओळखीचं नाही.

“अरे, कुठे बघायचं ते सांगितलंय त्याला!” भाऊजी टेबलावर बुक्की मारून ओरडले.

“नंबर वाढला असेल त्याचा,” मी म्हणालो. “खाली पाठवा, तपासून देतो.”

“तू आधी दुकानात जा.”

“जातो. मशीन कुठल्या भिंतीला लावायचं, तेवढं बघून ठेवतो.”

रविवारी सकाळी दुकानात आरडाओरडा सुरू झाला. नव्या फ्रेम्सचं खोकं चक्क रस्त्यावर ठेवलेलं आणि झाडलोटीच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

“खोकं बाहेर कुणी टाकलं?” बाबा कडाडले.

“मी. तुम्हीच लिहिलंय की त्याच्यावर, ‘बाहेरचे’.”

“बाहेरचे म्हणजे बाहेरून मागवलेले! बाहेर ठेवायचे नव्हेत!”

“मग तसं लिहायचं ना. मला काय स्वप्न पडतंय?”

भाऊजी कप घेऊन जिन्यात उभे होते. कप माझ्या हातात कोंबून ते धावत वर गेले. मीही मागोमाग. बंडलरला सूचना द्यायच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एक्स्टर्नल’, म्हणजे ‘बाहेरचे’, नावाची यादी होती आणि तिच्यात भाऊजींनी पहिल्याच दिवशी कॅलेंडरचं नाव घातलं होतं.

“मी आपली ओळख करून दिली होती रे,” ते कपाळ बडवत म्हणाले. “म्हटलं, हे बाहेरचं आहे, जाऊन घेऊन ये. आणि बंडलरच्या भाषेत या यादीचा अर्थ काय? हे बाहेरचं आहे, बाहेरच राहू दे!”

म्हणजे बिचाऱ्या शोध्याला कुणी विचारलंच नव्हतं. भाऊजींनी यादीतून ते नाव खोडलं, गाठोडं पुन्हा बांधलं, तोवर बाबा येऊन ठाकले. त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं. कॅलेंडर टुणकन उघडलं. ताईने माझ्या पाठीत धपाटा घातला, कशासाठी कोण जाणे.

बाबांनी बुधवार निवडला. वेळ मिळाली.

“बुधवारी दुकान बंद असतं,” बाबा म्हणाले.

भाऊजींचा चेहरा उतरला. “ते… पाच मिनिटांचं काम आहे.”

“करा सावकाश. आधी उठा आणि मागची खोकी हलवा. का तीही पाहुण्यांनी येऊन हलवायची?”

भाऊजी असे उठले, जणू पदक घ्यायला बोलावलंय. तिसऱ्या खोक्याला त्यांच्या कमरेत लचक भरली. दुपारपासून ते त्या खोलीत, स्वतःच्या खोलीत, जमिनीवर उताणे पडले होते. पोटावर लॅपटॉप, चहूकडे खोकी.

संध्याकाळी मावशी झाडू घेऊन दारात थांबल्या. सकाळपासून ताकही फुंकून पीत होत्या. त्यांनी झाडूनेच भाऊजींकडे खूण केली. “हे आतलं की बाहेरचं?”

“आतलंच,” बाबा गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले. “भोवतीनं झाडा.”