ओशिनाईची भरलेली गाडी

विमानतळ दोन तासांवर, तोमाकोमाईचं बंदर त्याच्या जरा पुढे, आणि रूळ तर थेट गावाच्या पोटातून! ओशिनाईचं हे कौतुक सुमीएला तोंडपाठ होतं. स्टेशनासमोरच्या तिच्या केशकर्तनाच्या दुकानात कुणीही बसलं की मानेला टॉवेल गुंडाळता गुंडाळता ती ते ऐकवायची. बिचारं गिऱ्हाईक, मान हलवायचीही सोय नाही.

तिचा एकच ध्यास होता. मुलगा कोहेई दूर साप्पोरो शहरात शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करायचा. नागोयाची एक कंपनी ओशिनाईत बटाट्याचं मोठं शीतगृह काढायच्या विचारात होती. मात्र रेल्वे टिकली तरच. आणि रेल्वेवाले तर म्हणत होते, प्रवासी नाहीत, मार्ग बंद करणार. नववर्षाला घरी आलेला कोहेई म्हणाला होता, "आई, ते शीतगृह झालं ना, तर मी परत येतो बघ." विधवा बाईला एवढं पुरे की हो!

फेब्रुवारीत कंपनीची माणसं जागा बघायला येणार असं ठरलं. जंक्शनवर उतरून आपल्याच गाडीनं येणार होती. सुमीएनं पदर खोचला, म्हणजे आमच्याकडे बायका ॲप्रन आवळतात तसा तो आवळला, आणि घरोघर फिरली. रूळ वाचवायचे तर तिकीट काढून बसा, ही आमच्याकडची रीतच.

"रिकामा डबा बघून कोण पैसा लावेल? सगळ्यांनी सकाळीच जंक्शनला जायचं आणि पाहुण्यांच्या गाडीनं परत यायचं."

"माझे गुडघे गं! आणि दुकान?" नूडलवाला तोगाशी कुरकुरला. रहिवासी मंडळाचा तोच अध्यक्ष.

"एक दिवस बंद राहिलं तर तुझ्या नूडल्स रुसत नाहीत. चल मुकाट्यानं!"

सगळं गाव निघालं. भाताचे गोळे, चहाचे थर्मास, हसणं-खिदळणं. म्हातारे शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. जंक्शनला फलाटावर थंडीनं हातपाय गोठले, तरी कुणाची तक्रार नाही. गाडी आली. पाहुणे काही आले नाहीत. तरी सगळे चढले, दाटीवाटीनं उभे राहिले, आणि परत आले.

ओशिनाईच्या फलाटावर नगरपालिकेचा कारकून रडवेला उभा होता. "पाहुणे येऊन गेले हो! बर्फ पडत नव्हतं, रस्ता मोकळा, विमानतळावरून मोटारीनंच आले. रस्त्यानं फिरले. नूडलचं दुकान बंद, केसांचं दुकान बंद, चिटपाखरू नाही. मला विचारलं, इथं कामाला येणार कोण? मी म्हटलं, गाव गाडीत बसायला गेलंय. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय."

सुमीए दुकानात जाऊन रॉकेलची शेगडी न पेटवताच बसून राहिली.

महिन्याभरानं तोगाशी कंपनीचा निरोप घेऊन आला. "दळणवळण उत्तम आहे म्हणाले. माणसं नाहीत म्हणाले." कपाळ आपलं! शीतगृह दुसरीकडे गेलं आणि त्याच्या पाठोपाठ रेल्वेचाही निकाल लागला.

गाडीच्या शेवटच्या दिवशी मात्र कुठून कुठून माणसं आली. गळ्यात कॅमेरे, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. कधी फिरकले नव्हते ते मयताला जमतात, तसे जमले मेले. त्या गर्दीतून कोहेई उतरला.

"केस वाढलेत तुझे. बस," सुमीए त्याला समोर दुकानात नेत म्हणाली. गाडी परत फिरायला थोडाच अवकाश होता.

कात्री चालू लागली. कोहेई आरशात बघत म्हणाला, "आई, मला तिकडे कायम केलं. तूही दुकान बंद कर, ये माझ्याकडे."

"बघू."

"गाव गाडीत कोंबायची ती अक्कल कुणाची होती गं? कुणा गाढवाची?"

कात्री जराशी थांबली. "होती कुणाची तरी. मान खाली घाल."

तिनं मानेवरचे केस झटकले, गळपट्टा नीट गुंडाळून दिला, आणि त्याच्या मागोमाग फलाटावर गेली. तो धक्के खात डब्यात शिरला. शिट्टी झाली. सुमीए टाचा उंचावून एकेक खिडकी शोधत राहिली. गाडी खच्चून भरली होती, तिला हवी होती तश्शी. त्या गर्दीत कोहेईचं तोंड काही तिला दिसलं नाही.